नकाशा बदला, दारही उघडा

‘घर कालच दिले गेले.’ भाड्याने घर शोधणाऱ्या मुस्लीम तरुणाला हे वाक्य पाठ झालेले असते. नाव सांगेपर्यंत तेच घर रिकामे असते. घर घेताना मुस्लिमांना येणाऱ्या या अडचणींची नोंद सच्चर समितीने २००६ च्या अहवालात केली आहे. या अन्यायाबद्दल आपण बोलतो आणि बोललेच पाहिजे. पण घर नाकारणारा आणखी एक कागद असतो आणि त्याकडे आपण क्वचितच पाहतो. तो म्हणजे शहराचा विकास आराखडा.

कोणत्या जमिनीवर काय आणि किती बांधायचे, हे आराखडा व त्याची नियमावली ठरवते. हे काम केवळ अभियंत्यांचे नसते, हे अमेरिकेच्या इतिहासातून समजते. बाल्टिमोर शहराने १९१० मध्ये कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या वस्तीत राहायला येण्यास बंदी केली. अशी बंदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये घटनाबाह्य ठरवली. मग अनेक शहरांनी ‘एका भूखंडावर एकच घर’ असे विभाग आखले. नियमात वंशाचा उल्लेख नव्हता, पण स्वस्त घरे बांधायलाच मनाई असल्याने गरीब आणि कृष्णवर्णीय कुटुंबे बाहेरच राहिली. १९६८ च्या कायद्याने घर देताना भेदभाव करणे बेकायदा ठरले, तरी नकाशे तसेच राहिले. पुढे ५० वर्षांनी, २०१८ मध्ये, मिनियापोलिस शहराने अशा भूखंडांवर तीन घरांपर्यंत परवानगी देण्याचा निर्णय घेतला.

आपल्याकडे काय दिसते? २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतील दहापैकी सुमारे चार माणसे झोपडपट्टीत राहतात. १९९२-९३ च्या दंगलींनंतर असंख्य कुटुंबे मुंब्र्याला गेली. ‘त्यांना आपल्याच लोकांत राहायला आवडते,’ असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात भीती आणि घरांची किंमत या दोघींनी मिळून त्यांना तिकडे ढकलले. अनधिकृत इमारतीत घर घेतले की बँकेचे कर्ज मिळणे अवघड, पाण्यासाठी वणवण, आणि पावसाळ्यात छताची चिंता.

एफएसआय वाढवला की घरे आपोआप स्वस्त होतात, हेही खरे नाही. मुंबईत मनोरे वाढले, पण कामगाराच्या पगारात बसणारे घर वाढले नाही. म्हणून वाढीव बांधकामाला अट हवी. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक नियमावलीत ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर २० टक्के वाटा अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याची तरतूद आली. ती मात्र १० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांपुरती. २०११ च्या जनगणनेत भिवंडी सुमारे ७ लाखांची आणि मालेगाव ५ लाखांहून कमी. म्हणजे यंत्रमाग कामगारांची ही दोन्ही शहरे त्या तरतुदीबाहेर! ही मर्यादा खाली आणली पाहिजे.

पण परवडणारे घर बांधले गेले आणि दारावर नाव विचारले गेले, तर काय? एखाद्या गृहनिर्माण संस्थेने सदस्यत्व एकाच समुदायापुरते ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मान्यता दिली. घर नाकारण्यातील भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तो कायदा आणि नियोजनातील सुधारणा या दोन्ही मागण्या एकत्रच कराव्या लागतील. आणि त्या केवळ मुस्लिमांसाठी नाहीत. दलित, भटके-विमुक्त, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया यांनाही हेच दार बंद मिळते.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठराविक मुदतीत हरकती व सूचना देण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. आपण बहुधा कब्रस्तानाचे आरक्षण राहिले की नाही, एवढेच पाहतो. ते पाहायलाच हवे. पण जिवंत माणसांच्या घरांसाठी त्या नकाशावर किती जागा ठेवली आहे, हेही आता विचारू या. मोहल्ल्यातील चार सुशिक्षित तरुणांनी नियमावली वाचून लोकांना समजावली, आणि शेजारच्या वस्तीलाही सोबत घेतले, तरी सुरुवात होईल.