जादूच्या पानांची जाहिरात आणि तिची पारख

पत्त्यांच्या जादूचा प्रयोग विकत घेणाऱ्याची अडचण अशी असते की, ज्या रहस्यासाठी तो पैसे मोजतो ते पैसे मोजल्याशिवाय कळत नाही आणि एकदा कळले की परत करता येत नाही. त्यामुळे माल पारखण्याचा सारा भार जाहिरातीच्या शब्दांवर येऊन पडतो. या शब्दांत दोन जातींचे दावे मिसळलेले असतात. एक दावा परिणामाचा, म्हणजे प्रेक्षकाला काय दिसेल याचा असतो, तर दुसरा कृतीचा, म्हणजे हातचलाखी लागते का, कॅट साधा आहे का आणि प्रेक्षकांत आधीच ठरवून बसवलेला साथीदार असतो का, याचा. पहिला दावा प्रेक्षकाच्या नजरेने आणि दुसरा जादूगाराच्या हातांनी तपासावा लागतो. युक्ती फारच सोपी निघाली म्हणून प्रयोगाला टाकाऊ ठरवणारे परीक्षण हा भेद विसरते आणि चांगल्या प्रयोगावर अन्याय करते.

शिकागोचे जादूगार जो बर्ग यांनी १९३६ मध्ये विक्रीला आणलेला आणि पुढे ‘इनव्हिजिबल डेक’, म्हणजे अदृश्य कॅट, या नावाने जगभर गाजलेला प्रयोग या कसोटीवर घासून पाहण्यासारखा आहे. जादूगार प्रेक्षकाच्या हाती काल्पनिक कॅट देतो, तो पिसायला लावतो, त्यातले मनात येईल ते एक पान उलटे करून पुन्हा आत घालायला सांगतो आणि पानाचे नाव विचारतो. ‘चौकट सत्ती’ असे उत्तर आले की, मघापासून सर्वांसमोर असलेल्या डबीतून खरा कॅट काढून तो पसरतो, आणि त्यात चौकट सत्ती तेवढी उलटी निघते. येथे ‘कोणतेही पान’ हा दावा अक्षरशः खरा असतो, कारण बावन्नांपैकी कुठलेही नाव चालते, निवड छुपेपणाने लादलेली नसते आणि साथीदारही लागत नाही. जादूगाराला एक लहानसा हिशेब मनात करावा लागतो आणि पाने पसरताना योग्य जागी अंगठ्याचा दाब किंचित बदलावा लागतो, एवढेच. कॅट मात्र खास तयार केलेला असल्यामुळे तो तपासायला देता येत नाही. म्हणून ‘साधा कॅट’ असे छापणारा विक्रेता खोटे बोलतो, आणि त्याबाबत गप्प राहणाराही पुरता प्रामाणिक म्हणता येत नाही.

खरी गफलत होते ती ‘कोणतेही पान, कोणत्याही क्रमांकावर’ या प्रकारात. एकाने पान सांगावे, दुसऱ्याने आकडा, आणि ते पान नेमके त्याच आकड्यावर सापडावे. निव्वळ योगायोगाने हे बावन्नांत एकदाच घडेल. ब्रिटनमधील डेव्हिड बर्गलस (१९२६–२०२३) यांची कीर्ती याच प्रयोगाशी जोडलेली आहे, कारण ते कॅटला हातही लावत नसत. त्यांच्या प्रयोगाचे वर्णन उसने घेणाऱ्या जाहिरातींत पान आधी विचारले जाते की आकडा, मोजणी वरून होते की खालून आणि मुख्य म्हणजे पाने कोण मोजतो, हे शोधावे. हे तपशील गाळलेले असले, तर मोजण्याचे काम बहुधा जादूगाराच्याच हाती असते. असा प्रयोग वाईटच असतो असे नाही, परंतु तो बर्गलस यांचा प्रयोग नव्हे, आणि त्यांच्या कीर्तीवर त्याची किंमत लावणे ही खरेदीदाराची फसवणूक आहे.