गोळी फुसकी नव्हती हो!

पिस्तूल चाललं नाही की रेंजवर एकच वाक्य ऐकू येतं, "राउंड फुसका निघाला." बस्स. स्लाइड मागे ओढायची, काडतूस खाली पाडायचं, पुढचं चालू. ते उचलून पाहायचे कष्ट कुणीच घेत नाही. या वाक्याचा मला मनापासून राग आहे आणि आज तो इथे काढणार आहे.

तळेगावची (श्यामजी पंत, मावळातलं नव्हे!) घरची मंडळी हे वाचतात, त्यांच्यासाठी आधी थोडं सोपं करून. नेमबाजांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल :-) काडतुसाच्या बुडाशी प्रायमर असतो, जुन्या लोकांच्या भाषेत टोपी. फायरिंग पिनचा ठोका बसला की तो पेटतो आणि आतली दारू पेटवतो. दिवाळीत दगडानं टिकल्या फोडायचो ना, तसंच. दगड हळू पडला तर टिकली नुसती चेपते. पिस्तुलात असं झालं की त्याला लाइट स्ट्राइक म्हणतात. पॉइंट टू-टूच्या काडतुसात वेगळा प्रायमर नसतो, मसाला बुडाच्या काठातच असतो. बाकी कथा तीच.

तर ते टाकून दिलेलं काडतूस. त्यावरचा खळगा बघा. खोल, ठसठशीत असेल आणि तरी उडालं नसेल, तर द्या खुशाल कारखान्याला शिव्या. पण खळगा उथळ असेल, नखाला जेमतेम लागत असेल, तर गुन्हेगार तुमच्या हातात आहे. त्याच डब्यातली गोळी शेजारच्याच्या पिस्तुलात बिनबोभाट चालते, यावरून तरी कळायला हवं की नको?

कारण बहुतेक वेळा साधं असतं. पिनच्या भोकात तेल ओतून ठेवलेलं असतं. तेल आणि काजळी मिळून काळा चिखल होतो आणि पिन त्यातून रांगत जाते. तिथे कोरडं ठेवायचं असतं, पण आपल्याकडे तेल म्हणजे प्रेम! कधी चेंबर घाण असतं, स्लाइड पूर्ण पुढे येत नाही आणि हॅमरचा अर्धा जोर तिला ढकलण्यातच जातो. कधी पिनचं टोक झिजलेलं असतं. रिकामं पिस्तूल घरी टकटक वाजवत बसल्यानं पॉइंट टू-टूच्या काही पिस्तुलांत तेही होतं.

आणि माझा खरा राग आहे तो हलक्या स्प्रिंगच्या फॅशनवर. ट्रिगर मऊ लागावा म्हणून लोक हॅमरची स्प्रिंग हलकी घालतात, काही महाभाग तर कापतात! २५ मीटरच्या स्पर्धेत ट्रिगरनं किमान १००० ग्रॅम उचलावेच लागतात, मग हा सोस कशासाठी? ट्रिगरचं काम ट्रिगरच्या सांध्यात, जाणत्या आर्मररकडून करून घ्या. ठोक्याचा जीव काढून घेऊ नका.

एक गोळी म्हणजे काय ते राही सरनोबतला विचारा. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ३४-३४ बरोबरी झाली आणि तिचं सुवर्ण दुसर्‍या शूट-ऑफमध्ये ठरलं. शिवाय स्पर्धेत गोळी अडली तर नियम आहे : नळी लक्ष्याकडे, मोकळा हात वर, रेंज ऑफिसर येईपर्यंत थांबा. त्याआधी स्लाइडला हात लावला की तक्रार बाद. म्हणजे हे 'फुसका' म्हणून झटकणारे आपला हक्कही झटकून टाकतात. पोलिसांना चकमकीत झटकावंच लागतं, ते वेगळं. तुमच्यावर कोण चाल करून येतंय? कागद?

आणि घाई जिवावरही बेतू शकते. उशिरानं पेटणारी गोळी असतेच, निदान ३० सेकंद नळी समोर धरून थांबायचं असतं. न उडालेली म्हणजे मेलेली नव्हे, हे निदान वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागू नये. पुलगाव डेपोचा जुना दारूगोळा निकामी करताना नोव्हेंबर २०१८ मध्ये सोनेगावजवळ ६ जण गेले. म्हणून काकू, माझ्या बॅगेत 'आठवणीखातर' एखादं काडतूस आहे का असं विचारलंत, नाही, नसतंच. ते रेंजवरच जमा होतं.

पुढच्या वेळी कुणाचा राउंड 'फुसका' निघाला तर आधी मला दाखवा. खळगा बघू, मग भांडू.