शिबिरानंतरचे अकरा महिने

वैशाख सरत आला म्हणजे आमच्या कडेगावच्या बाजूस शेतकरी नांगरलेली ढेकळे उन्हात तापू देतो आणि आकाशाकडे डोळे लावून बसतो. त्याच सुमारास येथील ख्रिस्ती कुटुंबांतील मुलेमुली वळकट्या बांधून उन्हाळी शिबिरास निघतात. त्यांना नेण्याआणण्याचे काम पुष्कळ वर्षे प्रस्तुत लेखकाकडे आहे. त्या अनुभवावरून चार शब्द स्पष्टपणे लिहावेसे वाटतात.

शिबिराचे गुण थोडे नाहीत. घरी पाण्याचा तांब्याही स्वतः न उचलणारा मुलगा तेथे दुसऱ्याचे ताट घासतो. मोबाइल आठ दिवस पेटीत बंद राहतो, त्यामुळे स्वतःच्या मनाचा आवाज ऐकावयास सवड मिळते. ज्या खेड्यात वर्गभर शोधून दुसरा ख्रिस्ती विद्यार्थी सापडत नाही, तेथील मुलास आपण एकटे नाही हे प्रथमच कळते. एवढ्याकरिताही शिबिरे भरावीत.

परंतु शेवटच्या रात्री शेकोटीभोवती भजने होतात, आणि ज्यांना आपले जीवन प्रभूस द्यावयाचे आहे त्यांनी हात वर करावा, असे उपदेशक सांगतात. हात वर होतात. डोळे भरून येतात. आम्ही शिक्षक हात मोजतो व तो आकडा अहवालात लिहितो. मीही अनेकदा लिहिला आहे. दोन वर्षांपूर्वी परतीच्या गाडीत दहावीत जाणारा एक विद्यार्थी माझ्याशेजारी येऊन बसला व हळूच म्हणाला, “सर, मी सलग तीन वर्षे हात वर केला. मग पहिल्यांदा केला तो खोटा होता का?”

मजजवळ उत्तर नव्हते. तीन अहवालांत मी त्याला तीनदा मोजले होते, आणि मधल्या काळात त्याच्या घरी एकदाही गेलो नव्हतो.

पेरणाऱ्याचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. खडकाळ जागी पडलेले बी लवकर उगवते आणि लवकर वाळते. आपल्याकडील मुरमाड माळ ज्याने पाहिला आहे त्यास याचा अर्थ सांगावयास नको. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर तो हिरवागार होतो, आणि चार दिवस उघडीप पडली की पिवळा पडतो. प्रभूने त्या मनुष्याचा आनंद खोटा म्हटलेला नाही. त्यास मूळ नाही, एवढेच सांगितले. शिबिर ही नांगरट होय, सुगी नव्हे. नांगरट होताच पोती मोजावयास बसणाऱ्या शेतकऱ्यास गाव हसेल. आम्ही मात्र दर मे महिन्यात तेच करितो.

कोणी म्हणतील, मग ही भावनेची शिबिरे बंदच करावीत. हे मत मला मान्य नाही. आपल्या गावाच्या नावाशी जुळणारे पुणे जिल्ह्यातील केडगाव पाहा. वेल्स देशात १९०४ साली झालेल्या संजीवनाची वार्ता ऐकून पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत तेथील मुक्ति सदनात विशेष प्रार्थनेस आरंभ केला. जूनअखेर मुलींमध्ये मोठी जागृती झाली. दुष्काळातून वाचविलेल्या त्या मुली रडल्या, पापे कबूल करू लागल्या, टोळ्या करून आसपासच्या गावी शुभवार्ता सांगत फिरल्या. भावनेचा पूर तेथेही आला होता. परंतु त्याच्या आधी सहा महिन्यांची प्रार्थना होती, आणि त्याच्या नंतर काम होते. रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत केलेल्या पवित्र शास्त्राचे खिळे मुक्तीतील मुली व स्त्रिया जुळवीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. तो ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. डोळ्यांतील अश्रू कधीच वाळले होते. हातातील काम वर्षानुवर्षे चालू राहिले.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. शेवटच्या रात्री हात मोजू नयेत. त्याऐवजी नाताळापर्यंत नेमाने करावयाची एकच लहान गोष्ट प्रत्येकाने कागदावर लिहून स्वतःजवळ ठेवावी. शिबिरास गेलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी दिवाळीपूर्वी पाळकाने अथवा शिक्षकाने एकदा तरी जावे. आणि आईबापांनी घरात रात्रीची प्रार्थना सुरू करून त्या वेळी आपलाही मोबाइल बाजूस ठेवावा. जे घर वर्षभर शास्त्र उघडत नाही, त्याने आठ दिवसांच्या शिबिराकडून मुलाचे अंतःकरण घडवून मागणे अन्यायाचे आहे.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पुरे उत्तर मला आजही देता येत नाही. मात्र महिन्यातून एका रविवारी मी त्याच्या घरी जातो. त्याची आई चहा ठेवते, आम्ही एक अध्याय वाचतो, कधी गणिताचीही अडचण निघते. यंदाच्या शिबिरात शेवटच्या रात्री त्याने हात वर केला नाही. मीही त्यास कारण विचारले नाही. पुढच्या महिन्यात कोणता अध्याय घ्यावयाचा, हे आता तोच ठरवितो.