वरखर्च कुणाच्या नावे मांडावा?

दिवसभर शिलाई मशीन थांबत नाही, तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही. घरगुती धंदा करणाऱ्या अनेक घरांत हे बोलणे आम्ही ऐकतो. पुष्कळदा धंदा खोटा नसतो, हिशोब अर्धा असतो. म्हणून आज वरखर्चाविषयी.

दोरा, बटणे, मजुरी हा खर्च प्रत्येक नगावर मांडता येतो. जागेचे भाडे, विजेचे बिल, सामान आणण्याच्या खेपा हा खर्च मात्र कुठल्या एका नगाचा नसतो. तो वरखर्च. आपण तो सगळ्या नगांवर सारखा वाटून मोकळे होतो. चूक होते ती इथेच.

समजा, जळकोटातील एक कुटुंब महिन्याला शाळेचे १०० शर्ट आणि ५० ब्लाऊज शिवते. भाडे व वीज १५०० रुपये, उदगीरच्या १० खेपांचे एस.टी. भाडे व चहापाणी १५०० रुपये. एकूण वरखर्च ३००० रुपये. १५० नगांवर वाटला तर नगाला २० रुपये. घरच्या हातांची मजुरी धरून सगळा थेट खर्च वजा जाता शर्टामागे १७ आणि ब्लाऊजमागे ३० रुपये उरतात. म्हणजे शर्टात ३ रुपये तोटा, ब्लाऊजात १० रुपये नफा. घरातली मंडळी म्हणतात, शाळेचे काम सोडून देऊ.

थांबा. आधी विचारा, कुठल्या कामाने किती खर्च ओढला? मशीनवर दोन्ही नगांना सारखाच वेळ लागतो, म्हणून भाडे व वीज नगाला १० रुपये बरोबर. पण शर्टांची बटणे-दोरा २ खेपांत येतो. ब्लाऊजला प्रत्येक साडीचे मॅचिंग अस्तर लागते, त्यासाठी ८ खेपा. एक खेप १५० रुपयांची. शर्टांवर खेपांचे ३०० रुपये, ब्लाऊजवर १२००. आता शर्टाचा वरखर्च १३ रुपये, ब्लाऊजचा ३४. शर्टात ४ रुपये नफा, ब्लाऊजात ४ रुपये तोटा! शर्ट सोडले असते तर खेपांचे ३०० रुपये वाचले असते, भाडे-वीज मात्र बरीचशी तशीच भरावी लागली असती.

मोठमोठ्या कंपन्याही यात फसल्या आहेत. पुण्याजवळ सणसवाडीत ज्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे, त्या जॉन डीअर कंपनीच्या अमेरिकेतील सुट्या भागांच्या कारखान्याला थोड्या नगांची, किचकट कामे मिळत आणि मोठ्या संख्येची कामे हातची जात. कारण हेच, वरखर्चाची वाटणी चुकलेली. प्राध्यापक रॉबर्ट कप्लान यांनी १९८७ मध्ये यावर लिहिले. कामागणिक खर्च मांडण्याच्या या पद्धतीला ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग म्हणतात. नाव अवघड आहे, पण करायला एक वही पुरते.

मग ब्लाऊज बंद करायचे का? नाही. आठवड्याचे अस्तर एकदम आणा. ८ खेपांच्या ४ झाल्या की ब्लाऊजचा वरखर्च २२ रुपयांवर येतो आणि नगामागे ८ रुपये उरतात.

आमचे सांगणे एवढेच. महिनाभर वहीत प्रत्येक खेप कुणासाठी, मशीन किती तास कशासाठी, हे लिहून ठेवा. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला बेरीज करायला बसवा. आणि हिशोब पुरा झाल्याशिवाय चालते काम सोडू नका.