राहिलेली वलगण

गेले तीन आठवडे आमच्या चिरंजिवांच्या जेवणाच्या टेबलावर एक नदी पसरलेली आहे. नदी म्हणजे तिचा नकाशा. पोळ्या वाढायची वेळ झाली की सूनबाई ती गुंडाळून ठेवते आणि हात धुऊन झाले की चिरंजीव ती पुन्हा उलगडतात. नदीचे नाव डेशूट्स. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातली, पोर्टलंडपासून मोटारीने दोन-अडीच तासांवरची. बेत असा की, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी बापलेकांनी तिच्या काठी उभे राहून स्टीलहेड नावाचा मासा गळाला लावायचा.

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच की, मी बँकेतून निवृत्त झालेला, ७८ वर्षांचा, डाव्या गुडघ्याने अधू असा गृहस्थ असून वर्षातले पाच-सहा महिने मुलाकडे काढतो. माशांशी माझा अलीकडचा संबंध फक्त ताटापुरता. असे असता हा बेत घरात कसा शिरला, ते सांगतो.

आमच्या कुलाबा जिल्ह्यात (आता रायगड म्हणायचे) मृगाचा पहिला दणक्याचा पाऊस झाला की मासे नदी-खाडीतून उलटे वर चढतात आणि भाताच्या खाचरांत शिरतात. त्याला वलगण म्हणतात. सारा गाव रात्री कंदील, टोपल्या, पाग घेऊन बाहेर पडे. घोटाभर पाण्यात पायाला मासे लागत. चिरंजीव आठ-नऊ वर्षांचे असताना गिरगावातल्या खोलीत मी त्यांना ही गोष्ट सांगितली आणि भरीत भर म्हणून शब्द दिला, “यंदा तुला नेतो.” पण बँकेची सहामाही अखेर ३० जूनला. वलगण लागायची नेमकी त्याच दिवसांत. साहेबांकडे रजा मागण्याची सोय नव्हती. खरे सांगायचे तर मागण्याचे धाडसही नव्हते. “पुढच्या मृगाला नक्की,” असे मी सात वर्षे म्हणालो. आठव्या वर्षी पोराने विचारले नाही. मला वाटले, शहाणा झाला.

यंदा ऑगस्टमध्ये मी येऊन आठ दिवस झाले असतील, तोच चिरंजीव सहज म्हणाले, “बाबा, इथेही वलगण लागते. फक्त मासा मोठा असतो.” मी चहाचा पेला खाली ठेवला. चाळीस वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

स्टीलहेड म्हणजे मुळात रेनबो ट्राउटच. एकाच जातीची पिल्ले. काही जन्मभर नदीतच राहतात, काही समुद्राची वाट धरतात. समुद्रात गेलेले पोर एक-दोन वर्षांनी दीड हात लांबीचे, पोलादी झळाळीचे होऊन आपल्या जन्माच्या नदीकडे परत निघते. (येथे सौभाग्यवतींनी चिरंजिवांकडे पाहून एक सुस्कारा टाकला. समुद्र ओलांडून गेलेले आमचे पोर अजून परत निघालेले नाही.) पॅसिफिकमधला सॅमन मासा अंडी घातली की मरतो. स्टीलहेडमधले काही जगतात, समुद्रात जातात आणि पुन्हा एकदा चढून येतात. उन्हाळ्यात आणि शरदात नदीत शिरलेला मासा अंडी घालतो ते पुढच्या वसंतात. मधले सारे महिने जवळजवळ उपाशी! मग उपाशीपोटी चंगळ न करणारा हा तपस्वी आपल्या गळाकडे का पाहील? मलाही हीच शंका आली. चिरंजीव म्हणाले, “फारसा पाहत नाहीच.” तिकडचे लोक त्याला हजार फेकींचा मासा म्हणतात. म्हणजे हजारदा गळ फेकावा तेव्हा एकदा लागायचा. एवढा हिशेब ऐकून माझ्यातला बँकवाला गारठला.

तर बेत आखणे म्हणजे काय असते, ते ऐका. कोलंबिया ही इकडची मोठी नदी. डेशूट्स तिला मिळते ती समुद्रापासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आत. तेवढ्या वाटेत माशाला दोन धरणे चढावी लागतात. पहिले बॉनव्हिल, १९३८ साली सुरू झालेले. तिथे माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांचा पाण्याचा जिना केला आहे आणि जिन्याला काचेची खिडकी आहे. खिडकीपाशी बसून माणसे वर जाणारे मासे जातवार मोजतात आणि आकडा रोज जाहीर होतो. आमच्या घरी सकाळी पंचांग पाहावे तसा तो आकडा पाहिला जातो. आकडा चांगला असला तर चिरंजिवांना इडली दोन जास्त जातात. हा नुसता छंद नव्हे. २०२१ साली मासे इतके कमी आले की, सरकारने सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत डेशूट्सवर स्टीलहेड धरायला बंदीच केली होती. त्यामुळे नियम आदल्या रात्रीपर्यंत पाहत राहावे लागतात.

दुसरे धरण द डॅल्स. त्याचे दरवाजे १० मार्च १९५७ रोजी बंद झाले आणि सेलिलो नावाचा धबधबा काही तासांत पाण्याखाली गेला. हजारो वर्षे तिथले मूळचे लोक लाकडी माचांवर उभे राहून लांब दांड्याच्या झोळ्यांनी मासे काढत. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसे मी पाहिली आहेत. नकाशावरच्या त्या निळ्या पट्ट्यावर बोट ठेवताना मला तीच आठवली. डेशूट्सवर शेरार्स धबधब्यापाशी मात्र वॉर्म स्प्रिंग्जचे लोक अजून तसेच माच बांधून मासे धरतात. १८५५ च्या तहाने तो हक्क राखलेला आहे. आमचा मुक्काम तिथून जवळच, मॉपिन या लहानशा गावी.

मग पाण्याचा ताप. अक्षरशः ताप, कारण चिरंजीव नदीचे उष्णतामान आजाऱ्याच्या तक्त्यासारखे पाहतात. पाणी वीस अंशांच्या वर गेले की मासा दमतो. अशा वेळी ओढून काढलेला मासा सोडला तरी जगेल याची शाश्वती नाही. म्हणून सप्टेंबरचा पहिला बेत रद्द झाला. त्यातून मॉपिनच्या खाली व्हाइट रिव्हर नावाची उपनदी येऊन मिळते. ती माउंट हूडच्या हिमनदीतून निघते आणि पाऊस झाला की दगडाचे पीठ घेऊन येते. मग संगमाखाली सारे पाणी गढूळ. तसे झाले तर संगमाच्या वर सरकायचे. म्हणून जागा दोन ठरवल्या आहेत.

खरी अडचण माझ्या गुडघ्याची. या नदीत होडीत बसून गळ टाकायला मनाई आहे. होडी फक्त जायला-यायला; मासा धरायचा तर पाण्यात नाहीतर काठावर उभे राहून. ओढ जबर आणि तळाचे गोटे शेवाळाने गुळगुळीत. चिरंजिवांनी छातीपर्यंत येणारी रबरी विजार, खिळ्यांचे बूट आणि काठी आणली. मी ती विजार दिवाणखान्यात चढवली तेव्हा नातू घाबरून आईकडे पळाला. सौभाग्यवतींनी मला नखशिखान्त न्याहाळले आणि निकाल दिला, “पाण्यात उतरायचे नाही. काठावर खुर्ची टाकून बसा.” चिरंजिवांनी तो निकाल इतक्या तत्परतेने मान्य केला की, दोघांचे आधीच ठरलेले होते हे मी ओळखले.

मतभेद झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर. इथे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा शेपटीजवळचा लहानसा पर कापून ठेवतात. तो पर नसलेला मासा ठेवता येतो. पर शाबूत असला तर मासा रानचा. त्याला पाण्याबाहेर न काढता सोडून द्यायचे. “धरायचा आणि सोडायचा?” मी म्हणालो. “मग धरायचा कशाला? त्या जिवाला त्रास आणि आपल्याला पाप.” चिरंजीव बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिले. “बाबा, तुम्ही म्हणता ते खोटे नाही. पण धरणारेच राहिले नाहीत तर त्याची मोजदाद कोण ठेवील?” मला हे अजून पुरते पटलेले नाही. पण कालवणासाठी कोकम आणून ठेवले होते, ते मी गुपचूप फळीवर मागे सारले.

तारीख ठरली. फराळाचा आठवडा सुरू होण्याआधीचा शनिवार. पहाटे तीनला निघायचे, कारण ऊन पाण्यावर पडण्याआधी मासा गळाला लागण्याचा संभव अधिक. नरकचतुर्दशीला ज्या मुलाला पाच वेळा हाका माराव्या लागत, तो आता तीनचा गजर लावतो, यावर सौभाग्यवतींनी काय भाष्य केले ते इथे लिहीत नाही. मी मागल्या अंगणात पितळी पात्याच्या स्पिनरचा गळ कापून फेकण्याचा सराव चालवला होता. तुळशीची कुंडी दोनदा वाचली, एकदा नाही.

आणि गेल्या मंगळवारी रात्री चिरंजीव उशिरा घरी आले. कचेरीत काही काम अडले होते. त्याच शनिवारी हजर राहायला हवे होते. नकाशा गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “बाबा, पुढच्या वर्षी नक्की.”

आवाज त्याचा होता, पण वाक्य माझे होते. शब्द न् शब्द. मी काही तरी बोलायला हवे होते. मी एवढेच विचारले, “तुमच्याकडेही जूनअखेर असते का रे?”

तो उभाच राहिला. मग नकाशा तसाच टेबलावर ठेवून वर निघून गेला. रात्री जिन्यावर त्याच्या फोनवरच्या बोलण्याचा आवाज बराच वेळ येत होता. मी जागाच होतो. बोललो ते बरे केले की वाईट, हे कळेना. आयुष्यभर ज्या साहेबाला मी एकदाही विचारले नाही, त्याच्या जागी बसलेल्या कुणाला तरी तो विचारत होता.

सकाळी टेबलावर नदी पुन्हा पसरलेली होती. तिच्यावर मीठमिरचीचे डबे ठेवून कोपरे दाबले होते आणि शेजारी माझ्या नावाचा मासेमारीचा परवाना पडला होता.

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर आम्ही जाऊन आलेले असू. चकल्या मात्र आधीच झाल्या आहेत. सोऱ्या चिरंजिवांनी फिरवला, हा सौभाग्यवतींचा करार होता. प्रवासासाठी त्यांनी एक स्टीलचा डबा भरून ठेवला आहे आणि वर बजावले आहे, “मासा खुशाल सोडा. डबा परत आणा.”