आधी डोळे तपासा, मग सातबारा काढा

मागच्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आमच्या हसनाबादच्या बाजाराला आला की चहाला टेकतो. या वेळी सोबत लेक होती आणि पिशवीत एक गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक.

"गुरुजी, पोरीला पायलट करायचंय. दोन एकर काढतो, बाकीचं कर्ज. सोमवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर सीट जाते म्हणे."

मी विचारलं, "डोळे तपासलेत का तिचे?"

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मंडळी, माझा राग इथेच आहे. पन्नास लाखांच्या पुढे जाणारा हा खर्च, पण पहिली गोष्ट कुणी सांगत नाही. डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडे आधी क्लास टू आणि मग क्लास वन अशी वैद्यकीय तपासणी होते. डोळे, कान, हृदय, रंग ओळखणं, सगळं पाहतात. त्यात कायमचं अपात्र ठरलं तर विकलेली जमीन परत मिळत नाही. तपासणीला त्या मानाने किरकोळ खर्च येतो. मग ती आधी का नाही? कारण नापास झालेलं गिऱ्हाईक पैसे भरत नाही, दुसरं काय!

दुसरी पायरी लेखी परीक्षांची. हवाई मार्गनिर्देशन, हवामान, नियम आणि तांत्रिक विषय, प्रत्येकात ७० टक्के लागतात. बारावीनंतर संगणक क्रमांक काढून घरी अभ्यास करूनही हे पेपर देता येतात. पेपर इंग्रजीत, हे खरं. पण अक्षांश-रेखांश, वारे, ढग मी याच पोरांना फळ्यावर मराठीत शिकवले. तेच विषय तिथे जास्त खोलात येतात. मराठी माध्यम आडवं येत नाही, कच्चं गणित येतं.

हे दोन्ही जमलं की मग उड्डाण. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात. पुढे एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चालवायचं तर त्याचं प्रशिक्षण वेगळं आणि पैसेही वेगळे. एवढं करून नोकरीची हमी? २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, २०१९ मध्ये जेट, २०२३ मध्ये गो फर्स्ट. तिथले अनुभवी वैमानिकही घरी बसले होते. हे माहितीपत्रकात कुठेच नव्हतं, मी चष्मा लावून दोनदा पाहिलं.

काही जण म्हणतील, मास्तर खेड्यातल्या पोरींचे पंख छाटतायत. अजिबात नाही! सौदामिनी देशमुखांनी १९८५ साली फक्त महिलांच्या चमूसह कोलकाता-सिलचर विमान नेलं. मुलगी म्हणून कुणाला अडवावं असं काही उरलेलं नाही. उलट वाट स्वस्तातही आहे. एनडीएतून हवाई दलात गेलं तर शिक्षणाचा खर्च सरकार करतं. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, मुलींसाठी २०२३ पासून नाशिकला. एनडीएची दारं मुलींना २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उघडली. पण ती वाट दहावीतच धरावी लागते, आणि दहावीत आम्ही मास्तरांनीच ती सांगितली नाही. माझाही दोष आहे, नाकारत नाही.

पोरगी एवढा वेळ गप्प होती. निघताना म्हणाली, "गुरुजी, तपासणीत नापास झाले तर?"

"तर दोन एकर राहतील, आणि तुझं गणितही राहील."

बापानं माहितीपत्रक पिशवीत घातलं. सोमवार गेला, पैसे भरले नाहीत. तपासणीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. सीट काही गेलेली नाही म्हणे. परवाच त्यांचा पुन्हा फोन आला होता, आता नवी मुदत शुक्रवारची आहे!