गाडीवरची पट्टी आणि डोक्यावरचे टोपले



गेल्या हंगामात यवतमाळजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात आम्ही तिघीजणी गेलो होतो. सरकीच्या ढिगाशी बायका झाडत होत्या आणि रुईच्या गाठी उचलणारी फोर्कलिफ्ट मागे मागे येत होती. चालवणारा पोरगा विशीचा. त्याचे सगळे लक्ष समोरच्या गाठींकडे, मागे बघायचे भानच नाही. झाडणारी बाई अगदी शेवटच्या क्षणी बाजूला झाली. कोणाला लागले नाही, म्हणून कोणी काही बोललेही नाही. मुकादमाला विचारले, याला कोणी शिकवले? म्हणाला, बघून बघून शिकला. मग इतक्या वर्षांत बायकांपैकी एखादी बघून बघून का नाही शिकली, असे विचारले तर तो नुसता हसला.

त्या हसण्याला उत्तर द्यायचे तर आधी ती गाडी आपल्याला समजली पाहिजे. ती समजायला अवघड नाही. भरलेली कळशी कमरेवर घेऊन आपण विहिरीपासून घरापर्यंत येतो. तीच कळशी हात लांब करून धरली तर दहा पावलांत खांदा भरून येतो. वजन तेवढेच, अंगापासूनचे अंतर मात्र वाढले. फोर्कलिफ्टचेही असेच. तिच्यावर एक पट्टी असते. समजा त्या पट्टीवर २००० किलो आणि ५०० मिलिमीटर असे लिहिले आहे. याचा अर्थ ती कुठलेही दोन टन कसेही उचलेल असा नाही. ओझ्याचा मध्य पुढच्या लोखंडी दांड्यांच्या मुळापासून अर्ध्या मीटरच्या आत असेल तरच दोन टन. तो मध्य पाऊण मीटरवर गेला की हीच गाडी जेमतेम दीड टनाची उरते. अधिक लादले तर मागची चाके जमिनीवरून उचलली जातात.

कापसाची एक गाठ १७० किलोची धरतात. एक-दोन गाठींनी गाडीला काही होत नाही. पण गाठी दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा चिमटा पुढे बसवला की चिमट्याचे स्वतःचे वजन वाढते, ओझेही पुढे सरकते, आणि जुन्या पट्टीवरचा आकडा खोटा ठरतो. चिमट्यासकट किती उचलायचे याची वेगळी पट्टी हवी. ओझे जितके उंच चढवावे तितकी गाडी कलंडायला सोपी, म्हणून चालताना ओझे जमिनीलगत ठेवायचे आणि चढउतारावर ते नेहमी चढाच्या बाजूला. दांड्यांवर माणूस उभा करायचा नाही, उचललेल्या ओझ्याखालून कोणी जायचे नाही. गाडी कलंडू लागली तर बाहेर उडी मारायची नाही, पट्टा बांधून आत घट्ट धरून बसायचे, कारण उडी मारणाराच बहुधा गाडीखाली सापडतो. आणखी एक, ही गाडी मागच्या चाकांनी वळते. त्यामुळे वळताना तिची पाठ बाहेर झोकते. झाडणारी बाई नेमकी तिथेच असते. म्हणजे गाडी न चालवणाऱ्या बाईलाही हे ठाऊक हवेच.

यात मनगटाचा जोर कुठे लागतो, सांगा.

लागते ते शिक्षण. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून केवळ कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवाराच्या वापरासाठी बनवलेली खास वाहने वगळली आहेत. आवारात फिरणाऱ्या अशा गाडीसाठी आरटीओ परीक्षा घेत नाही. शिकवायची जबाबदारी येते मालकावर, आणि मालक म्हणतो, बघून शिका. अमेरिकेत १९९८ साली नियम झाला : आधी वर्गात शिकवा, मग गाडीवर, मग पारखून घ्या, आणि दर तीन वर्षांनी पुन्हा पारखा.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २९ होते. वजन उचलणाऱ्या यंत्रावर सुरक्षित भार स्पष्ट लिहा आणि त्याहून अधिक लादू नका, असे ते सांगे. माणसाने किती उचलायचे ते राज्याने ठरवावे, असे कलम ३४ म्हणे. यंत्राचा आकडा यंत्रावर रंगवलेला असायचा. बाईचा आकडा नियमांच्या पुस्तकातच राहिला, जिनात टोपले भरणाऱ्याला तो कोणी दाखवला नाही. याच कायद्याच्या कलम २७ ने कापूस दाबण्याच्या कारखान्यात ओपनर यंत्र चालू असेल तिथे बायकांना कामच बंद केले होते. मध्ये छतापर्यंत भिंत असेल तर कापूस घालण्याच्या बाजूला मात्र चालेल! आमचा जीव वाचवण्याची ही तऱ्हा : धोक्याचे यंत्र तसेच ठेवायचे आणि बाईला भिंतीपलीकडे करायचे.

सन २००० मध्ये केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान आले. जुने जिन सुधारले, कापूस नळीतून हवेने ओढला जाऊ लागला, पट्ट्यांवरून सरकू लागला. डोक्यावरचे टोपले उतरले, हे चांगलेच झाले, ते परत नको. पण टोपल्याबरोबर मजुरीही उतरली, आणि नव्या यंत्रापाशी जी जागा तयार झाली तिला ‘कुशल’ म्हटले गेले. बाई राहिली कचरा वेचायला, ‘अकुशल’ दराने. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ चा होता. काम समान होऊच दिले नाही तर तो काय करणार होता?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि जुना कारखाने कायदा तिच्यात गेला. स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांवर घेता येईल, संमती असेल तर रात्रीही, असे ती म्हणते. दार उघडले, ठीक. पण ठेकेदाराकडून हंगामापुरती आलेली बाई ‘संमती नाही’ असे म्हणू शकेल का, याची आम्हाला शंका आहे. आणि गाडी शिकवणार कोण, हा प्रश्न उरतोच.

आमच्याच बैठकीत एका मैत्रिणीने विचारले, गावातली पोरे बेकार असताना त्यांची जागा आपण का घ्यावी? तिचा मुलगाही कामाच्या शोधात आहे, त्यामुळे प्रश्न टाळता येत नाही. आमचे म्हणणे एवढेच की जो चालवेल तो किंवा ती शिकलेली असावी, आणि शिकायला बसताना बाईला वगळू नये.

फोर्कलिफ्ट चालवण्याचे अभ्यासक्रम सरकारी कौशल्य योजनांच्या यादीत आहेत. ते यवतमाळ, वणी, पांढरकवडा, घाटंजी इथे बायकांसाठी चालावेत म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा मागच्या पानावर छापला आहे. त्याखाली जिनात विचारायचे तीन प्रश्न आहेत : गाडीवर पट्टी आहे का, चिमट्याची वेगळी आहे का, आणि चालवणाऱ्याला कोणी, किती दिवस शिकवले? दिवाळीनंतर गंज्या लागायला लागतील. त्याआधी उत्तरे आमच्याकडे पाठवा.